ग्रंथालयानें पुस्तकावर बंदी घालावी काय ?

एखाद्या पुस्तकाविषयीं ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाकडे तक्रार आली, कीं तींत मागणी बहुधा एकच असते : ‘हें पुस्तक कपाटांतून काढून टाका.’ तक्रार करणाऱ्या गृहस्थांचा हेतु वाईट नसतो. एकत्र कुटुंबांत एका सभासदाच्या नांवावर आणलेलें पुस्तक आजोबांपासून नातीपर्यंत सर्वांच्या हातीं जातें. तेव्हां त्यांची काळजी खोटी म्हणतां येणार नाहीं. प्रश्न एवढाच, कीं बंदी हा त्या काळजीवर उपाय आहे काय ?

या बाबतींत आपल्या जुन्या पंडितांचें वर्तन पाहण्यासारखें आहे. ‘कुमारसंभवा’च्या आठव्या सर्गांत कालिदासानें शिवपार्वतींचा शृंगार वर्णिला आहे. श्रेष्ठ देवतांच्या शृंगाराचें असें वर्णन आपल्याच मातापित्यांच्या शृंगारवर्णनाइतकें अनुचित होय, असा कडक निर्णय मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त दिला. तरीहि तो सर्ग नष्ट झाला नाहीं. मल्लिनाथानें तर त्यावरहि टीका लिहिली. दोष दाखविणें निराळें आणि पोथी नाहींशी करणें निराळें. वर्गांत कोणता सर्ग शिकवावा, हें शिक्षकानें ठरवावें. पोथी मात्र जागेवर असावी.

शिवाय, आजचा निर्णय उद्यां टिकेलच असें नाहीं. खाडिलकरांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. कथा विराटपर्वांतील, पण कीचकाच्या ठिकाणीं प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० सालीं सरकारनें त्या नाटकावर बंदी घातली. मर्ढेकरांच्या ‘कांहीं कविता’ १९४७ सालीं प्रसिद्ध झाल्या. पुढच्याच वर्षीं त्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. कवि निर्दोष सुटले, आणि आज मराठी नवकवितेचे प्रवर्तक म्हणून विद्यापीठांत त्यांचा अभ्यास होतो. त्या काळीं ज्या ग्रंथालयानें भीतीनें तो संग्रह काढून टाकला असता, त्यानें आपल्याच वाचकांचें नुकसान केलें असतें.

ग्रंथालयाला निवड करावीच लागते, कारण पैसा आणि जागा दोन्ही मर्यादित असतात. परंतु निवड करणारा ‘वाचकांना अधिक उपयोगी काय’ असें विचारतो. बंदी घालणारा ‘दुसऱ्यानें काय वाचूं नये’ हें ठरवितो. बालविभाग अवश्य निराळा ठेवावा. तक्रार लेखी घ्यावी, आणि तीहि पुस्तक समग्र वाचलेल्या सभासदाकडूनच. मंडळानें तिला लेखी उत्तर द्यावें. पुस्तक मात्र मागणाऱ्या प्रौढ वाचकाला मिळालें पाहिजे.

राहिली घरांतील मुलांची गोष्ट. हल्लीं हातांतल्या मोबाइलवर सर्व कांहीं उघडें असतां, ग्रंथालयाच्या एका कपाटाला कुलूप लावून कोणाचें रक्षण होणार ? नातीच्या हातांतील पुस्तकाविषयीं शंका आली, तर वडील मंडळींनीं तें आधीं स्वतः वाचावें, आणि मग तिच्याजवळ बसून त्यांतील बरेंवाईट मोकळेपणानें बोलावें. हें काम घराचें आहे. तें ग्रंथपालावर सोंपवूं नये.