नाव दिल्यावाचून चित्र सापडत नाही

बेंगळूर शहराच्या वायव्येस यशवंतपूर हा भाग आहे. रेल्वेचे मोठे स्थानक, बाजारसमितीचे आवार आणि मालमोटारींची वर्दळ यांनी तो सदैव गजबजलेला असतो. आणि त्याला लागूनच १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेचा वृक्षाच्छादित, शांत परिसर आहे. यशवंतपूरच्या रस्त्याने शाळेत निघालेला दहा वर्षांचा मुलगा एका दृष्टिक्षेपात कितीतरी गोष्टी ओळखतो. ही ऑटोरिक्षा, ही हातगाडी. ती गाय आता रस्ता ओलांडणार. त्या हमालाच्या डोक्यावर पोते असल्यामुळे त्याला वर पाहता येत नाही, तेव्हा त्याला वाट द्यावयास हवी. हे ओळखण्यासाठी काही श्रम पडले असे त्या मुलाला वाटतही नाही. परंतु तेच दृश्य टिपणाऱ्या यंत्राला ते समजावे यासाठी जगभरच्या शास्त्रज्ञांची साठ वर्षे खर्ची पडली आहेत, आणि काम अद्याप पुरे झालेले नाही.

याचे कारण असे की, संगणकाच्या लेखी छायाचित्र म्हणजे केवळ आकड्यांचा तक्ता होय. चित्राचे बारीक चौकोनी ठिपके पाडले जातात आणि प्रत्येक ठिपक्यातील तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांचे प्रमाण तीन आकड्यांनी नोंदले जाते. २२४ ठिपके उंच आणि तितकेच रुंद अशा लहानशा चित्रातही या हिशेबाने १,५०,५२८ आकडे असतात. त्यांत ‘गाय’ असे कोठेही लिहिलेले नसते. गाय सावलीत गेली, तिने मान वळविली, किंवा तिच्यापुढून एखादी सायकल गेली, की बहुतेक आकडे बदलतात. गाय मात्र तीच राहते. बदलत्या आकड्यांतून न बदलणारा अर्थ कसा काढावा, हा संगणकीय दृष्टी या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे.

प्रारंभी शास्त्रज्ञांनी यंत्राला नियम सांगून पाहिले. चार पाय, दोन शिंगे, एक शेपूट म्हणजे गाय, असा नियम कागदावर सोपा दिसतो. पण बसलेल्या गाईचे चार पाय दिसत नाहीत आणि शिंगे खांबाआड दडतात. नियमांची यादी कितीही वाढविली तरी अपवाद तिच्यापुढे धावत राहिले. मग दुसरा मार्ग पुढे आला. नियम सांगण्याऐवजी यंत्राला हजारो उदाहरणे दाखवावीत, प्रत्येक उदाहरणाचे नाव सांगावे, आणि त्याची चूक होईल तेव्हा त्याच्या आतील गणित थोडेथोडे दुरुस्त करीत जावे. या गणिताची रचना थरांची असते. पहिल्या थरांत कडा व रेषा ओळखल्या जातात, पुढच्या थरांत त्यांपासून बनलेले आकार, आणि अखेरीस संपूर्ण वस्तू. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९५९ पासून मांजराच्या मेंदूवर केलेल्या प्रयोगांत, विशिष्ट दिशेच्या रेषांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी आढळल्या होत्या. या रचनेची प्रेरणा बऱ्याच अंशी तेथून आली.

हा मार्ग यशस्वी होण्यास उदाहरणांचा प्रचंड साठा हवा होता. अमेरिकेत फै-फै ली व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली ‘इमेजनेट’ हा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. पुढे त्यात सुमारे १ कोटी ४० लक्ष चित्रे जमली, आणि त्यांच्या नावांची खातरजमा हजारो माणसांनी डोळ्यांनी पाहून केली. या संग्रहावर आधारलेल्या २०१२ सालच्या स्पर्धेत टोरांटो विद्यापीठाच्या चमूने पाच उत्तरांची मुभा असताना चुकांचे प्रमाण १५.३ टक्क्यांवर आणले; दुसऱ्या क्रमांकाच्या चमूचे प्रमाण २६.२ टक्के होते. त्या दिवसापासून या शास्त्राची दिशा बदलली. या विजयाचे श्रेय सामान्यतः गणिताला व वेगवान यंत्रांना दिले जाते, आणि ते योग्यही आहे. तथापि चित्रापुढे बसून ‘हे अमुक आहे’ असे निमूटपणे नोंदविणाऱ्या माणसांचा वाटाही त्यात तितकाच मोठा होता, हे विसरले जाते.

ओळखण्याइतकेच शोधणेही महत्त्वाचे आहे. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची नसेल तर हवा तो उल्लेख मिळविण्यासाठी सारी पाने चाळावी लागतात. चित्रांची व चलचित्रांची हीच गत आहे. सेकंदाला २४ चित्रे या वेगाने एका तासाच्या चित्रपटात ८६,४०० चित्रे होतात. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी चित्रपट जतन झालेला असतो. पण विहिरीवर चालणाऱ्या मोटेचे दृश्य नेमके कोणत्या रिळात आहे, हे कोणी लिहून ठेवले नसेल तर ते दृश्य असून नसल्यासारखेच. २००३ साली ऑक्सफर्डच्या सिविक आणि झिसरमन यांनी यावर एक सुंदर तोडगा सुचविला. चित्रातील लहान लहान तुकड्यांना त्यांनी जणू शब्द मानले आणि कोणता ‘शब्द’ कोणत्या चित्रात आला याची ग्रंथासारखी सूची केली. त्यामुळे एका दृश्यातील वस्तूभोवती चौकट आखताच तीच वस्तू असलेली चित्रपटातील इतर दृश्ये क्षणात पुढे येऊ लागली. परंतु सारखे दिसणारे शोधणे निराळे आणि नावाने शोधणे निराळे. ‘मोट दाखव’ असे म्हणावयाचे तर मोट म्हणजे काय, हे यंत्राला आधी कोणीतरी सांगितलेले असले पाहिजे.

येथेच खरी अडचण उभी राहते. ज्याची उदाहरणे दाखविली तेवढेच यंत्राला ठाऊक होते. ‘इमेजनेट’मधील चित्रे कोणत्या देशांची, याची तपासणी २०१७ साली झाली तेव्हा सुमारे ४५ टक्के चित्रे एकट्या अमेरिकेची निघाली, भारताचा वाटा अवघा २.१ टक्के होता. त्याचा परिणाम काय होतो, ते २०१८ साली ‘नेचर’ या नियतकालिकातील एका लेखात दाखविले गेले. पांढऱ्या पोशाखातील अमेरिकन नववधूच्या चित्राला यंत्राने ‘वधू’, ‘विवाह’ अशी नावे दिली. उत्तर भारतीय नववधूच्या चित्राला मात्र ‘वेशभूषा’ व ‘कलाप्रयोग’ अशी. यंत्राच्या मनात आकस नसतो. त्याला मनच नसते. ज्यांनी उदाहरणे गोळा केली त्यांचे जग त्याने इमानाने शिकून घेतले, इतकेच.

यशवंतपूरच्या रस्त्याचा दाखला या दृष्टीने बोधप्रद आहे. आपोआप चालणाऱ्या वाहनांसाठी २०१६ साली युरोपात एक प्रसिद्ध चित्रसंग्रह तयार झाला. पन्नास शहरांतील, मुख्यतः जर्मनीतील, रस्त्यांची ५,००० चित्रे त्यात बारकाईने आखलेली होती. एका चित्रातील प्रत्येक वस्तूची कड आखून ती तपासण्यास सरासरी दीड तासाहून अधिक वेळ लागला होता. परंतु त्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा नव्हती, आणि रस्ता कोठे संपतो व मातीची कड कोठे सुरू होते, असा संभ्रमही नव्हता. तेव्हा हैदराबाद येथील आंतरराष्ट्रीय माहिती-तंत्रज्ञान संस्थेत प्रा. जवाहर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद, बेंगळूर आणि त्यांच्या आसपासच्या रस्त्यांवर मोटार फिरवून सुमारे १०,००० चित्रांचा भारतीय संग्रह सिद्ध केला. त्यात ३४ प्रकारची नावे होती. ऑटोरिक्षेला स्वतःचे नाव मिळाले, प्राण्यांना मिळाले; इतकेच नव्हे, तर रस्त्याकडेच्या ज्या मातीवरून वाहन जाऊ शकते त्या पट्टीलाही मिळाले. जुन्या संग्रहावर शिकलेले यंत्र येथे चाचपडत होते, हेही या कामातून स्पष्ट झाले. नवे गणित शोधण्याआधी आपला रस्ता आपणच नीट पाहून त्याला नावे देणे अवश्य होते, असा याचा अर्थ आहे.

यावर कोणी म्हणेल की, आता हा खटाटोप कालबाह्य झाला. चित्रे आणि त्यांखालचा मजकूर महाजालावर अमाप पडला आहे. यंत्र तोच वाचून शिकेल. हे म्हणणे निराधार नाही. २०२१ साली ‘ओपनएआय’ या अमेरिकन संस्थेने ४० कोटी चित्रे व त्यांसोबतचा मजकूर यांवर एक यंत्रणा शिकविली, आणि पूर्वी शिकविली नव्हती अशी नावेही ती ओळखू लागली. पण ती चित्रे गोळा करण्यासाठी वापरलेले शब्द इंग्रजी विकिपीडियातून घेतलेले होते. जे त्या भाषेत वारंवार लिहिले गेले नाही, ते त्या जाळ्यात क्वचितच सापडणार. त्यानंतर मराठीत विचारले तरी उत्तर देणारी यंत्रे निघाली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि शब्दाचे भाषांतर झाले म्हणजे दृष्टीचे भाषांतर झाले असे नव्हे. जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ आणि खलबत्ता यांत मराठी घरातील आजीची कधी गल्लत होत नाही. कन्नड घरातही दळण्याच्या ‘बीसुव कल्लु’ची आणि वाटण्याच्या ‘रुब्बुव कल्लु’ची होत नाही. ‘दळावयाचा दगड’ एवढ्या एकाच नावाखाली ही सारी चित्रे शिकविली, तर यंत्राच्या लेखी त्यांतील भेद उरणार नाही. आणि उद्याचे मूल यंत्राकडूनच शिकू लागले, तर त्याच्या लेखीही उरणार नाही.

चित्रांची संख्या वाढविली की यंत्र माणसासारखे पाहू लागेल, ही आशाही तपासून घ्यावी लागते. भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाची दृष्टी व यंत्राची दृष्टी यांची तुलना केली. तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. काही बाबतींत दोहोंत साम्य दिसले. उदाहरणार्थ, उलट्या धरलेल्या चेहऱ्यातील विकृती माणसाच्या जशी चटकन ध्यानात येत नाही, तशीच चेहऱ्यांवर शिकलेल्या यंत्राच्याही येत नाही. परंतु माणूस आधी समग्र आकार पाहतो आणि मग तपशील. यंत्राला आधी तपशील दिसतो. एका वस्तूआड दडलेली दुसरी वस्तू माणूस मनाने पुरी करतो. यंत्राला ते तितकेसे साधले नाही. सारांश, यंत्राने दिलेले नाव हा एक अंदाज असतो. तो पडताळून पाहण्यास जाणत्या माणसाची गरज संपलेली नाही.

म्हणूनच नावे देण्याचे हे काम हलके लेखणे चुकीचे आहे. आज ते बहुधा ठरावीक मोबदल्यावर, निनावी हातांकडून, घाईने करून घेतले जाते. वास्तविक त्याची जात कोशकार्याची आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला तो शास्त्रीपंडितांच्या साह्याने, शब्द गोळा करून व पारखून. त्यानंतर शंभर वर्षांनी दाते-कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोश रचला. शब्द वेचणे हे विद्वत्तेचे काम मानले गेले. मग चित्राला अचूक नाव देणे हे हमालीचे काम का मानावे? सार्वजनिक पैशांतून उभे राहणारे चित्रसंग्रह सर्वांस खुले असावेत, त्यांतील नावे त्या त्या भाषेच्या जाणकारांनी तपासावीत, आणि ते श्रम करणाऱ्यांना योग्य मोबदला व नामनिर्देश मिळावा, ही मागणी अवास्तव नाही.

याला एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळली पाहिजे. वस्तूला नाव देणे आणि माणसावर शिक्का मारणे या भिन्न गोष्टी आहेत. भारतीय विज्ञान संस्थेतील २०१९ सालच्या एका अभ्यासात चेहऱ्यावरून व्यक्ती उत्तर भारतातील की दक्षिणेतील, हे ओळखावयास सांगितले होते. ते माणसांनाही कठीण गेले, आणि यंत्रांच्या चुका माणसांच्या चुकांपेक्षा वेगळ्या धर्तीच्या होत्या. चेहऱ्यावरून प्रांत, स्वभाव वा हेतू ठरविणाऱ्या यंत्रावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे यावरून समजावे. जिवंत माणसांची छायाचित्रे संग्रहात घ्यावयाची तर त्यांची संमती हवी, आणि मुलांच्या बाबतीत पालकांची.

शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये यांना या कामात मोठा वाव आहे. गावोगावच्या ग्रंथालयांत जुनी छायाचित्रे पडून आहेत. त्यांच्या पाठीवर काहीही लिहिलेले नाही, आणि त्यांतील अवजारे, दागिने, जागा ओळखणारी माणसे एकेक करून नाहीशी होत आहेत. चित्रात काय आहे, ते कोठले, कोणत्या साली टिपलेले, त्या वस्तूला त्या गावात काय म्हणत आणि ती कशासाठी वापरीत, या पाच गोष्टी विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून वहीत उतरविल्या, तर त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. अशी वही ग्रंथालयाला आजच उपयोगी पडेल, आणि उद्या एखाद्या संशोधकाने यंत्राला मोट किंवा तिफण शिकवावयाचे ठरविले, तर खात्रीची उदाहरणे त्याला तेथेच मिळतील.

यशवंतपूरच्या रस्त्यावरील त्या मुलाला ऑटोरिक्षा हे नाव कोणीतरी बोट दाखवून सांगितले होते. त्याच्या साऱ्या ज्ञानाचा आरंभ तसाच झाला. यंत्राच्या ज्ञानाचा आरंभही तसाच होतो. बोट दाखविणारे हात आपल्या गावांतले आणि शब्द आपल्या भाषेतले असावेत, याची तजवीज मात्र यंत्र करणार नाही. ती माणसांनाच करावी लागेल.