नाव पुण्याचे, सामने कुठले?

देशात व्यावसायिक बास्केटबॉल लीग हवी, याबद्दल खेळातल्या कोणाचेच दुमत नाही. मतभेद आहेत ते ती चालवावी कशी यावर, आणि घोडे आजवर अडले तेही तिथेच. २०१५ ते २०१७ या काळात ‘यूबीए’ लीगचे चार हंगाम झाले. मुंबई, दिल्ली, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, पंजाब, हरियाणा यांच्या जोडीला ‘पुणे पेशवाज’ हा आठवा संघ होता. पुढे ती लीगच थांबली. २०२५च्या आरंभी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमवर ‘आयएनबीएल प्रो’ ही २५ वर्षांखालील खेळाडूंवर भर देणारी लीग झाली. तिच्या सहा संघांत मुंबई होती, पुणे नव्हते. पुढच्या वेळी संघांची जुळवाजुळव सुरू झाली की पुण्याचे नाव पुन्हा निघेल. तेव्हा पुण्याने हो म्हणावे का, आणि म्हटले तर कोणत्या अटींवर, हे आधीच ठरवलेले बरे.

हो म्हणण्याची कारणे भक्कम आहेत. आज आपल्याकडे चांगल्या बास्केटबॉलपटूचे घर चालते ते नोकरीवर. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, एखादी बँक यांत क्रीडा कोट्यातून जागा मिळते. राष्ट्रीय स्पर्धा आणि काही निमंत्रितांच्या स्पर्धा खेळायच्या, उरलेले वर्ष सराव आणि हजेरीपट. या नोकऱ्यांनी अनेक घरे उभी केली, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण आपल्यापेक्षा वीतभर उंच परदेशी सेंटरला अंगावर घेऊन बास्केटखाली जागा कशी धरायची, हे त्याच त्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळून शिकता येत नाही. लीगमध्ये तो प्रसंग दर दोन दिवसांनी येतो. वर पैसे मिळतात आणि टीव्हीवर चेहरा दिसतो.

सगळे संघ एका ठिकाणी गोळा करून काही आठवड्यांत हंगाम उरकणाऱ्या आयोजकांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. पुण्यासारख्या शहरातही बहुतेक कोर्ट उघड्यावरची आणि सिमेंटची. जून लागला की वायपरने पाणी ओढायचे, कोपऱ्यातली ओल टाळून अर्ध्या कोर्टावर ड्रिबलिंग करायचे आणि पुढची सर आली की सॅक उचलून घरी जायचे. सिमेंटवर रोज उड्या मारून गुडघे बोलू लागतात ते निराळेच. लाकडी जमीन, छत, प्रेक्षकांना बसायला जागा आणि प्रक्षेपणाची सोय हे सगळे एकत्र असलेली सभागृहे देशात मोजकीच. आठ शहरांत अशी आठ सभागृहे भाड्याने घ्यायची आणि संघांना विमानाने फिरवायचे, तर तिकीटविक्री सुरू होण्याआधीच गल्ला रिकामा. म्हणून एकाच छताखाली सगळा हंगाम. हिशेब चुकीचा नाही.

आता दुसरी बाजू. लीगला नाव देण्याचा पुण्याचा अनुभव फारसा सुखाचा नाही. आयपीएलमधला ‘पुणे वॉरियर्स’ २०११ ते २०१३ असा तीन हंगाम टिकला. हॉकीतला ‘पुणे स्ट्रायकर्स’ २०१२मध्ये ‘वर्ल्ड सीरिज हॉकी’च्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण त्या लीगला हॉकी इंडियाची मान्यता नव्हती आणि दुसरा हंगाम झालाच नाही. फुटबॉलमधला ‘एफसी पुणे सिटी’ २०१४मध्ये आला, २०१९मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. दर वेळी शहराने टी-शर्ट घेतले, घोषणा शिकल्या आणि दोन-चार वर्षांत सगळे विसरावे लागले. ‘पेशवाज’चे दुखणे याहून वेगळे होते. त्यांना पाहायची सवय लागावी इतके घरचे सामने पुणेकरांच्या वाट्याला आलेच नाहीत.

त्यात मान्यतेचा घोळ. बास्केटबॉल महासंघाने २०१०मध्ये आयएमजी-रिलायन्सशी तीस वर्षांचा करार केला. त्यातून व्यावसायिक लीग उभी राहील अशी अपेक्षा होती, ती राहिली नाही. ‘यूबीए’ने लीग प्रत्यक्षात भरवली, पण तिच्या पाठीशी महासंघ नव्हता. एकाकडे शिक्का होता, लीग नव्हती. दुसऱ्याकडे लीग होती, शिक्का नव्हता. मधल्या मध्ये खेळाडू. त्याला लीग खेळायची तर खात्याकडून ना-हरकत पत्र हवे आणि राष्ट्रीय संघाचे दार उघडे ठेवायचे तर महासंघाची मर्जी हवी.

जपान याच खड्ड्यात पडला होता. तिथे दोन प्रतिस्पर्धी लीग चालत आणि महासंघाला त्या एकत्र आणता येईनात. २०१४च्या नोव्हेंबरात जागतिक संघटनेने जपानला थेट निलंबित केले. फुटबॉल प्रशासनातले साबुरो कावाबुची यांना मध्यस्थीसाठी आणावे लागले. २०१६मध्ये एकच ‘बी लीग’ सुरू झाली, प्रत्येक संघाचे गाव ठरले आणि निम्मे सामने त्या गावात होऊ लागले. पुढे २०२३च्या विश्वचषकातील कामगिरीवर जपानच्या पुरुष संघाने पॅरिस ऑलिंपिक गाठले.

मात्र घरचे मैदान म्हणजेच यश, असे सूत्र मांडण्याची घाई नको. फिलिपिन्सची ‘पीबीए’ १९७५पासून चालू आहे आणि तिचे संघ शहरांचे नाहीत, कंपन्यांचे आहेत. सामने मुख्यतः मनिला परिसरात होतात. तरीही लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यासाठी भांडतात, कारण हंगाम महिनोन्‌महिने चालतो. आपल्या कबड्डीचेही तसेच. ‘पुणेरी पलटण’ला पहिले विजेतेपद दहाव्या हंगामात, मार्च २०२४मध्ये मिळाले, तेही हैदराबादेत. त्याच वर्षी डिसेंबरात अंतिम सामना पुण्यातल्या बालेवाडीत झाला, तेव्हा समोर होते हरियाणा आणि पाटणा. तरी पलटण पुण्याची राहिली, कारण ती दहा वर्षे जागची हलली नाही आणि कबड्डी इथल्या मातीतली. बास्केटबॉलला मातीचा तो आधार नाही. म्हणून त्याला सातत्याची गरज अधिक आहे.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचे मत असे: पुण्याने संघाला नकार देऊ नये, पण नाव फुकटही देऊ नये. पहिली अट मान्यतेची. महासंघ, आयोजक आणि खेळाडूंना नोकरी देणारी खाती यांचा लेखी करार झाल्याशिवाय संघाची घोषणा नको. दुसरी अट घरच्या सामन्यांची. आठ शहरांची उडी झेपत नसेल तर रस्त्याने किंवा रेल्वेने गाठता येतील अशा चार-पाच शहरांपासून सुरुवात करावी. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर ते फेब्रुवारी, शनिवार-रविवारी सामने ठेवावेत. बालेवाडीचे संकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी सरकारी पैशातून उभे राहिले. तिथे सवलतीत जागा मागणाऱ्याने शहरातल्या क्लबांच्या मुलामुलींना सरावाची वेळ आणि संघात काही जागा राखून द्याव्यात, हा सरळ व्यवहार आहे.

तिसरी अट महिलांच्या संघाची. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली. २०१७मध्ये बंगळुरूत कझाकस्तानला हरवून आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाचे विजेतेपद मिळवणाऱ्या संघात ती होती. ज्या शहराने राष्ट्रीय महिला संघाला कर्णधार दिली, तिथे लीगची बोलणी फक्त पुरुषांच्या संघापासून सुरू होणे बरे दिसत नाही.

या अटी घातल्या तर काही गुंतवणूकदार पाठ फिरवतील आणि पहिला हंगाम एखाद-दोन वर्षे लांबेल, हे उघड आहे. दिव्यांच्या झगमगाटात तीन आठवडे खेळून पैसे मिळवण्याची संधी आजच्या काही खेळाडूंच्या हातून जाईल, आणि खेळाडूची उमेदीची वर्षे मोजकी असतात. ही किंमत खरी आहे. म्हणून खात्यांनी आणि महासंघाने तोवर इथल्या खेळाडूंना इतर मान्यताप्राप्त लीगमध्ये खेळण्याची परवानगी विनाविलंब द्यावी. पुण्याने मात्र घाई करू नये. पाच वर्षे, दर हिवाळ्यात, ठरल्या दिवशी, ठरल्या जागी सामना होईल असे लिहून देणाऱ्यालाच शहराचे नाव द्यावे.