पाटाचे मुख आणि पाटाचे टोक

दिवाळीच्या सुटीत कोठे जावे, हा प्रश्न आमच्या घरात दरवर्षी उपस्थित होतो आणि दरवर्षी त्याचा निकाल आमच्या मताविरुद्ध लागतो. यंदाही तसेच झाले. आमची धाव देहू-आळंदीपलीकडे नव्हती, परंतु स्थापत्यशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या आमच्या नातीने रात्रीच्या पंगतीस एकदम जाहीर केले, “आजोबा, यंदा बागलाणात जायचे. तुम्हांला तुमचा मयूरगिरी दाखवते, आणि मला माझा फड पाहायचा आहे.” फड म्हटल्याबरोबर आमच्या डोळ्यांपुढे कुस्तीचा फड आला, तमाशाचा आला, फार तर उसाचा आला. पाण्याचाही फड असतो, हे साठी उलटलेल्या आम्हां मास्तरांस त्या दिवशी प्रथम कळले. विद्यार्थ्याकडून शिकण्यात कमीपणा नाही, असे आम्ही वर्गात नेहमी सांगत आलो; ते पाळण्याची वेळ आता आली होती.

पुण्याहून नाशिक, तेथून सटाणे व ताहाराबाद, आणि पुढे मोसम नदीच्या खोऱ्यातून मुल्हेर, असा आमचा मार्ग होता. ताहाराबाद मागे पडले की दोन्ही अंगांनी डोंगर जवळ सरकू लागतात. सह्याद्रीची सेलबारी व डोलबारी या नावांची रांग ती हीच. घाटमाथ्यावरील आपल्याकडचे डोंगर पाहिलेल्या मनुष्यास हे डोंगर निराळेच वाटतात. जणू काय कोणी कातळाचे सरळ तुकडे तोडून पठारावर उभे करून ठेविले आहेत. त्यांच्याच पायथ्याशी मुल्हेर गाव आहे. जुने वाडे, अरुंद बोळ, उद्धव महाराजांचे समाधिस्थान, आणि कोजागरीच्या रात्री होणाऱ्या रासक्रीडेच्या उत्सवाच्या अजून ताज्या असलेल्या गोष्टी, असे ते गाव आम्हांस पाहताक्षणीच आवडले.

या गावाशी आमची ओळख मात्र जुनी, आणि ती संस्कृतामुळे. मुल्हेरच्या बागूल राजांच्या आश्रयास रुद्रकवी नावाचा एक दाक्षिणात्य पंडित होता. त्याने नारायणशहा राजाच्या कारकीर्दीत, शके १५१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १५९६ मध्ये, ‘राष्ट्रौढवंश’ या नावाचे वीस सर्गांचे महाकाव्य रचिले. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत १९१७ साली ते छापून निघाले. त्यातील मयूरगिरी तोच हा मुल्हेर. पुढे १६३८ मध्ये शहाजादा औरंगजेबाच्या सैन्याने हे राज्य घेतले आणि बागूलांचे वैभव संपले. काव्य राहिले, किल्ला राहिला. तिसरीही एक वस्तू राहिली आहे, हे आम्हांस पुढे कळले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही किल्ल्याच्या वाटेस लागलो. मुल्हेर हा एकटा किल्ला नव्हे. पश्चिमेस हरगड, पूर्वेस मोरा, व मध्ये मुल्हेर अशी ती तिघा भावंडांची जोडगड्यांसारखी मांडणी आहे. वाट झाडीतून हळूहळू चढते, आणि काही वेळाने तळ्याकाठचे गणपतीचे मंदिर लागते. कोरीव खांबांचे ते देऊळ आणि त्याचे पाण्यातील प्रतिबिंब पाहत आम्ही बराच वेळ बसून राहिलो. दम लागला होता हे कारण नातीस सांगण्याचे टाळले. पुढे माचीवर सोमेश्वराचे प्राचीन देवालय आहे. तेथपर्यंत आमच्या गुडघ्यांनी साथ दिली. वाचकांपैकी कोणास जावयाचे झाल्यास आमची सूचना एवढीच की, सूर्योदयापूर्वी निघावे, पाणी भरपूर बरोबर घ्यावे, पायांत घसरणार नाही असे पादत्राण असावे, आणि वाट दाखविण्यास गावातील मनुष्य घ्यावा. झाडीत वाटांस फाटे फार आहेत, आणि गुराखी ज्या वाटेने सहज जातो तीच वाट पुणेकरास तासभर फिरवून पुन्हा त्याच झाडाखाली आणून सोडते.

नात मात्र तिसऱ्या दिवशी मैत्रिणींसह साल्हेरास जाऊन आली. साल्हेर हे कळसूबाईच्या खालोखाल महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १५६७ मीटर. याच किल्ल्याच्या पायथ्याशी १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांस मोकळ्या मैदानात हरविले. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या पराक्रमाचा तो दिवस. सूर्याजी काकडे तेथेच पडले. परशुरामाने येथूनच बाण सोडून समुद्र मागे हटविला, अशी कथा असून माथ्यावर त्याचे लहानसे मंदिर आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले आले, त्यांत साल्हेर एक आहे. वारशाचा मान दगडी तटास मिळाला, याचा आम्हांस आनंद आहे. पण तटाखालच्या पाण्याच्या वारशासंबंधी आज लिहावयाचे आहे.

माचीवरून खाली पाहताना नातीने बोट दाखवून विचारले, “आजोबा, नदीकाठच्या त्या जमिनी पाहिल्यात? मोठमोठे चौकोन कसे दिसतात ते!” त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आम्ही मोसमच्या काठच्या एका लहान खेड्यात गेलो. तेथे नदीच्या पात्रात एक जुना दगडी बंधारा आहे. काठावर एक वृद्ध शेतकरी भेटले. त्यांचे वडील पाटकरी होते, म्हणजे पाटाचे पाणी वावरावावरांत फिरविण्याचे काम त्यांच्याकडे होते. आम्ही मास्तर आहो हे कळताच त्यांनी ‘गुरुजी’ म्हणून आम्हांस बांधावर बसविले, आणि तासाभरात जो पाठ दिला तो येथे देतो.

तापीच्या खोऱ्यातील पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर ही पद्धत तीनचारशे वर्षांपासून चालत आली. नदीवर एका खाली एक असे बंधारे. वरच्या बंधाऱ्यातून झिरपलेले पाणी खालच्यास मिळावे, अशी योजना. बंधाऱ्यापासून एका काठाने कालवा निघतो. त्याची लांबी कोठे दोन किलोमीटर, तर कोठे बारा. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, आणि सारंगांतून वावरात पाणी. चढविण्यास मोट नको की यंत्र नको. जमिनीचा उतार हाच पाण्याचा बैल.

या पाण्याखालच्या जमिनीचे बहुधा चार भाग करीत, आणि त्या प्रत्येक भागास फड म्हणत. एक फड दहा हेक्टरांचा असेल, एक दोनशेचाही असेल. मौजेची गोष्ट ही की, एका फडात एका वेळी पीक एकच. एका फडात ऊस, दोहोंत हंगामी पिके, चौथा पडीत. आणि दरवर्षी पाळी फिरे. आपल्या वावरात आपल्यास वाटेल ते पेरण्याची मोकळीक कोणास नाही. पण त्यामुळे साऱ्या फडास पाणी एकाच वेळी लागते, ओळीने देता येते, आणि एकाच्या उसाचे पाणी पाझरून दुसऱ्याचा हरभरा कुजत नाही. नदीस पाणी भरपूर असेल तर सर्व फड भिजत. कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवावयाचा आणि कोणता सोडावयाचा, हे गावकरी एकत्र बसून ठरवीत. देखरेखीस हवालदार, पाणी देण्यास पाटकरी, राखणीस जागले. त्यांचा मोबदला धान्यरूपाने. गाव करी ते राव न करी, ही म्हण आम्ही शाळेत शेकडो वेळा फळ्यावर लिहिली. तिचा अर्थ आम्हांस या बांधावर समजला.

कौटिल्याने अर्थशास्त्रात पाण्याचा कर सांगितला आहे: हाताने पाणी आणून शेत पिकविणाऱ्याकडून पाचवा हिस्सा, खांद्यावरून आणणाऱ्याकडून चौथा, यंत्राने वाहविणाऱ्याकडून तिसरा. तो राजाचा हिशेब झाला. पण माणसामाणसांत पाणी कसे वाटावे, हा प्रश्न राजाच्या हिशेबाने सुटत नाही. बलीद्वीपातील शेतकऱ्यांनीही त्यासाठी ‘सुबक’ नावाच्या मंडळ्या बांधल्या, आणि २०१२ मध्ये त्यांची भातखाचरे जागतिक वारशात गणली गेली. प्रश्न सर्वत्र एकच: पाटाच्या मुखाशी ज्याची जमीन आहे, त्याने टोकाच्या मनुष्यास पाणी का पोहोचू द्यावे?

हाच प्रश्न आम्ही म्हाताऱ्यांस केला. ते हसले. म्हणाले, “अडवील कसा, गुरुजी? त्याचे एक वावर मुखाशी, तर दुसरे टोकाशी. प्रत्येक फडात ज्याचा त्याचा तुकडा आहे. टोकाचे पाणी तोडले, तर त्याचेच पीक वाळेल.” आणि आपल्या बोलीत पुढे म्हणाले, “पानी सगळासनं शे.” पाणी सर्वांचे आहे.

यावर नात आपल्या वहीत काही आकृती काढू लागली. आम्ही मात्र एकाएकी गप्प झालो. त्याचे कारण आजवर आम्ही या सदरात कधी लिहिले नाही. ते आता लिहितो.

आमचा सदाशिव पेठेतील वाडा दोन चौकी होता, आणि मधल्या बोळात एक हौद होता. पेशवे नानासाहेबांच्या कारकीर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावांतून शहरात जे पाणी आणिले, त्या काळचा तो हौद. आमच्या लहानपणी त्यात महापालिकेचे पाणी सोडीत. त्यातील पाणी उपसताना पुढचा चौक कोणता आणि मागचा कोणता, हे पाण्यास ठाऊक नव्हते. तीर्थरूपांच्या पश्चात आम्हां दोघां भावांची वाटणी झाली. वाटणीपत्र आमच्याच हातचे. अक्षर सुवाच्य असल्याने ते काम आमच्याकडे आले. पुढचा चौक आमच्याकडे, मागचा धाकट्या बंधूंकडे; चौरस फुटांचा हिशेब अगदी तंतोतंत. हौद बुजविला आणि रस्त्यावरून नळ घेतला. तो साहजिकच प्रथम आमच्या चौकात आला.

उन्हाळ्यात पाणी तासभर येई. आमच्या टाक्या भरत तोवर मागच्या चौकातील नळ खोकत असे. एके सकाळी धाकटी भावजय हातात कळशी घेऊन आमच्या उंबऱ्यापाशी उभी राहिली. ती काही बोलली नाही. कळशीच बोलत होती. आम्ही पूजेस बसलो होतो. तिच्याकडे न पाहता आम्ही म्हणालो, “वाटणीपत्र वाचा म्हणावे.” ती परत गेली, आणि पुन्हा कधी आली नाही. वर्षभरात ते बिऱ्हाड कोथरुडास गेले. त्यानंतर लग्नकार्यात अक्षता टाकण्यापुरती आणि सुतकात भेटण्यापुरती आमची गाठ पडत आली. आम्ही मनास सांगत राहिलो की, आम्ही कायद्याबाहेर काही केले नाही. हे खरेच होते. त्या बांधावर बसेपर्यंत तेवढे पुरत होते.

वाटणी समान असणे निराळे आणि न्याय्य असणे निराळे. आम्ही घराचे दोन समान भाग केले आणि मुख सगळे एकाकडे व टोक सगळे दुसऱ्याकडे दिले. निरक्षर म्हणून ज्यांस आपण हिणवितो, त्या कुणब्यांनी जमिनीची आखणी अशी केली की, प्रत्येकाच्या वाट्यास थोडे मुख आणि थोडे टोकही यावे. मनुष्य चांगला असेलच, यावर त्यांनी भरवसा ठेविला नाही. चांगले वागणे त्याच्या हिताचे होईल, अशी व्यवस्था केली. एकत्र कुटुंब टिकते ते यामुळेच, आणि मोडते तेही हे विसरल्यामुळेच, असे आम्हांस वाटते. घरातील उन्हाची खोली एकाच सुनेकडे आणि अंधाराची एकाच सुनेकडे वर्षानुवर्षे असेल, तर त्या घराचा पाट कोठेतरी फुटणारच.

एवढे लिहिल्यावर फडाची केवळ स्तुती करणे मात्र खोटे ठरेल. ज्यास जमीनच नव्हती, त्यास त्या पाण्यात हिस्सा नव्हता; पाटकरी व जागले यांच्या पदरी धान्य आले, फड नव्हे. आणि आता तर तो फडही बहुतेक ठिकाणी मोडला आहे. मोसमवर हरणबारीचे व आरमवर केळझरचे धरण झाले. विहिरी झाल्या, त्यांवर विजेचे पंप बसले. कांदा आणि डाळिंब यांचा पैसा दिसू लागला. ज्याच्या विहिरीस पाणी, तो चारचौघांत बसून पिकाचा ठराव कशास पाळील? त्यांसही आम्ही दोष देत नाही. उसाच्या पाळीची वाट पाहत मुलीचे लग्न लांबणीवर टाकणाऱ्या बापास विहीर हवी वाटली, यात नवल नाही. परंतु विहिरींतील पाणी वर्षानुवर्षे खोल जाऊ लागले की, मग पुन्हा एकत्र बसावे लागते. आणि बसण्याची सवय मोडलेली असते. ती सवय हीच मयूरगिरीची तिसरी वस्तू. काव्य छापून ठेविता येते, किल्ल्याची डागडुजी करिता येते. सवय मात्र रोज वागूनच राखावी लागते.

निघताना म्हाताऱ्यांनी गुळाची एक ढेप नातीच्या हाती दिली. पैसे देऊ केले, तर त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

पुण्यास परतल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही ती ढेप घरी फोडली. अर्धी घेऊन कोथरुडास गेलो. दार धाकट्या भावजयीनेच उघडले. तिचे केस पांढरे झाले आहेत, हे लग्नकार्यांच्या गर्दीत आमच्या कधी नीट लक्षात आले नव्हते. आम्ही वाटेत चारपाच वाक्ये तयार केली होती. आयुष्यभर बोलण्याचाच धंदा केला, पण त्यातील एकही आठवेना. “पाणी देता का?” एवढेच आम्ही म्हणालो.

तिने तांब्या-भांडे आणिले, आणि ‘बसा’ म्हणाली. बंधू आतून चष्मा पुसत बाहेर आले. गुळाचा खडा तोंडात टाकून त्यांनी विचारले, “कोठला हा?” मग आम्ही त्यांस फडाची हकीकत प्रथमपासून सांगू लागलो. टोकापर्यंत यावयास आम्हांस बराच वेळ लागला. पण त्यांनी मध्येच थांबविले नाही.