कॅन्सरची गोळी स्वस्त झाली, आता तपासणीही आवाक्यात यायला हवी

कॅन्सर म्हटलं की केमोथेरपी, सलाईन आणि गळणारे केस डोळ्यांसमोर येतात. पण क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजेच 'सीएमएल' या रक्ताच्या कॅन्सरवर बहुतेक रुग्णांना घरीच रोज गोळी घेऊन उपचार करता येतात. या गोळीचं नाव इमॅटिनिब.

गोळी नेमकं काय करते?

सीएमएलमध्ये पेशीतल्या ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून 'बीसीआर-एबीएल' हे बिघडलेलं प्रथिन तयार होतं. कायम 'ऑन' राहिलेल्या स्विचसारखं ते पांढऱ्या पेशी वाढवतच राहतं. इमॅटिनिबचा छोटा रेणू पेशीत शिरतो, या प्रथिनाच्या खाचेत बसतो आणि स्विच बंद करतो.

अमेरिकेत या औषधाला २००१ मध्ये मान्यता मिळाली. एका मोठ्या चाचणीत इमॅटिनिबने उपचार सुरू केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण १० वर्षांनंतरही हयात होते.

भारतात ती स्वस्त कशी झाली?

नोव्हार्टिसच्या 'ग्लिव्हेक'चा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता. भारतीय कंपन्यांची जेनेरिक गोळी सुमारे १० हजारांत मिळायची. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसची पेटंटची मागणी फेटाळली. ज्ञात पदार्थाचं नवं रूप आणलं, पण त्याचा उपचारातला परिणाम वाढल्याचं सिद्ध झालं नाही, तर पेटंट नाही, असं पेटंट कायद्याचं कलम ३(ड) सांगतं. जेनेरिक गोळीचा रस्ता त्यामुळे मोकळा राहिला.

मग अडचण कुठे आहे?

ही गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते. बरं वाटतंय म्हणून मनानेच बंद केली, तर आजार पुन्हा उसळू शकतो. काही वेळा प्रथिनाचा आकारच बदलतो आणि गोळी खाचेत बसेनाशी होते. मग औषध बदलावं लागतं. हे वेळीच कळण्यासाठी बीसीआर-एबीएलची पीसीआर रक्ततपासणी लागते, सुरुवातीला साधारण दर ३ महिन्यांनी. ती प्रत्येक गावात होत नाही. मोठ्या शहरात जायचं तर गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी आलीच.

काय व्हायला हवं?

सरकारी योजनांनी गोळी आणि तपासणी हा एकच उपचार मानावा. रक्ताचा नमुना जिल्हा रुग्णालयात घ्यावा आणि तिथून वेळेत प्रयोगशाळेत पाठवावा. प्रवास नमुन्याने करावा, रुग्णाने नव्हे. गोळी काम करतेय की नाही हेच कळणार नसेल, तर ती स्वस्त असून काय उपयोग?