मखराच्या निमित्ताने

पिठोरी अमावास्येच्या दिवशी अनेक घरांत एक साधा, पण अतिशय हृद्य विधी होतो. माता खीर-पुरीचे वाण मस्तकावर धरते आणि मागे न पाहता विचारते, "अतिथी कोण?" मागे उभे असलेले मूल उत्तर देते, "मी!" मातेला वळून पाहावे लागत नाही, आवाजावरूनच लेकरू ओळखू येते. या अमावास्येस आपल्याकडे मातृदिन म्हणतात तो उगाच नव्हे. पित्यासाठी मात्र आपल्या व्रतवैकल्यांत असा दिवस शोधूनही सापडत नाही. पितृपक्ष आहे, पण तो पिता गेल्यानंतरचा! परंतु पिठोरीनंतर अवघ्या चार दिवसांनी जो देव आपल्या घरी येतो, त्याच्या जन्मकथेत दाराशी विचारलेला 'कोण?' हा प्रश्न पुन्हा येतो, आणि तेथे तो पिता व पुत्र यांच्यामध्ये उभा राहतो.

शिवपुराणातील ती कथा आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. पार्वतीने आपल्या अंगीच्या मळापासून पुत्र निर्माण केला, त्याच्या हाती दंड दिला आणि त्याला द्वारी बसविले. भगवान शंकर आले तेव्हा पुत्राने त्यांना अडविले. कारण त्याने पित्याला कधी पाहिलेच नव्हते. पित्यानेही पुत्राला ओळखले नाही. पुढे जे घडले ते सर्वविदित आहे. या कथेचे आध्यात्मिक अर्थ जाणकारांनी सांगितलेले आहेत आणि त्यांत ढवळाढवळ करण्याचा आमचा अधिकार नव्हे. तथापि संसारी माणसाने ती केवळ संसारी माणूस म्हणून ऐकली, तर तिच्यातील एक गोष्ट मनाला लागल्याशिवाय राहत नाही. सगळा अनर्थ घडला तो वैरामुळे नव्हे, अनोळखीपणामुळे. आणि गजमुख लाभून बालक उठून बसल्यावर शंकरांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवून हाही माझाच पुत्र, असे देवांना सांगितले व त्याला गणांचे आधिपत्य दिले. आपण ज्याची पूजा मांडतो तो गणाधिपती पित्याने ओळख दिल्यानंतरचा आहे.

कोकणातील घरांना ही कथा पुराणात वाचण्याची गरज कधी पडली नाही. तेथे ती दरवर्षी अंगणात घडत असे. घरचा कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा दुकानात. राहणे चाळीतल्या दहाजणांच्या खोलीत, जेवण खानावळीत. आणि बायकामुले गावी. हा चाकरमानी वर्षातून शिमग्याला आणि गणपतीला घरी यावयाचा. दोन वर्षांचे पोर आईच्या पदराआडून या मिशीवाल्या पाहुण्याकडे भयभीत नजरेने पाही. हाका मारून ते येत नसे, खाऊ दाखवूनही बिचकत असे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी हा पाहुणा हाती कोयता घेऊन माटवीचे सामान आणण्यासाठी डोंगराकडे निघे आणि मोठी मुले त्याच्या मागे लागत. त्यांच्या मागोमाग धाकटेही कोणाच्या तरी खांद्यावर बसून जाई.

माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट. गोव्यात तिलाच माटोळी म्हणतात. नारळ, सुपारीचा घोस, तवसे, चिबूड हे घरचे. बाकीचे सारे रानातून आणावयाचे. कवंडळाची लालभडक फळे, कांगणीचे घोस, शेरवडाची पांढरी पाने, हरणाची पिवळी फुले, तेरडा. कळलावीच्या फुलाला हात लावण्यापूर्वी ती विषारी आहे हे सांगावयाचे, कवंडळ दिसायला देखणे पण तोंडात घालावयाचे नाही हे बजावयाचे, निसरड्या कातळावर पाऊल कसे टाकावे ते दाखवावयाचे. संध्याकाळी ओझी घेऊन ही मंडळी उतरत तेव्हा सकाळचा पाहुणा बाबा झालेला असे. पंधरा दिवसांनी तो परत मुंबईस जाई तेव्हा एस. टी.च्या थांब्यावर कोण रडले, हे कोकणातील कोणत्याही वृद्ध माणसास विचारावे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या हळूहळू गेल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि ते जुने अंतर पुष्कळसे मिटले.

मिटले असे म्हणतो खरे. पण आज शहरांत पिता व मुले एकाच छपराखाली राहूनही किती जवळ असतात? विरार-बदलापूरहून पहाटेची गाडी पकडणारा गृहस्थ घर सोडतो तेव्हा मुले झोपलेली असतात, आणि परततो तेव्हा पुन्हा झोपलेली असतात. रविवारी समोरासमोर गाठ पडते तीही बहुधा प्रगतिपुस्तकावरून. चाकरमान्याला निदान आपण दूर असल्याचे भान होते. एका घरात राहणाऱ्या पित्याला ते होत नाही, हे अधिक चिंताजनक आहे. यात सगळा दोष पित्याचा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पोटामागे धावणाऱ्याला दोष कोणी द्यावा? परंतु गणपतीच्या आधीचे चार दिवस जेव्हा हाताशी येतात, तेव्हा ते बाजारात खर्ची घालावेत की मुलांत, हे ठरविणे तर त्याच्याच हाती असते.

मध्यंतरी मखर बाजारातून आणण्याची चाल पडली. थर्माकोलचे तयार देऊळ आणावे, भिंतीशी टेकवावे, त्यावर दिव्यांची माळ सोडावी, की झाली आरास! २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने थर्माकोलवर बंदी घातली तेव्हा पुष्कळांना हळहळ वाटली. आम्हाला ती बंदी पर्यावरणाइतकीच घराच्या दृष्टीनेही हितकर वाटते. कारण आता पुन्हा पुठ्ठा, बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि कणकेची खळ यांच्याकडे वळण्यास वाव आहे. या कामाचा एक गुण असा, की त्यात दोघांचेही डोळे कामावर असतात. समोर बसवून "शाळेत काय चालले आहे?" असे विचारले असता जे मूल "काही नाही" म्हणून उठून जाते, तेच मूल खळीने माखलेल्या बोटांनी कागद चिकटवता चिकटवता, मान वर न करता, वर्गातील भांडण सांगते, मनातील भीती सांगते. पित्याने फक्त कात्री चालवीत राहावे आणि मध्येच उपदेश करू नये. तो मोह आवरणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो.

दुसरा मोह याहून कठीण. उत्साही पिता मखर हाती घेतो आणि पाहता पाहता ते त्याचेच होऊन बसते. मुलाने कापलेली महिरप वाकडी झाली म्हणून तो रात्री, मूल झोपल्यावर, गुपचूप नवी कापून लावतो. सकाळी मुलाच्या ते ध्यानात येते. ते काही बोलत नाही. फक्त पुढच्या वर्षी मखराजवळ फिरकत नाही. गणरायाची सोंडही वाकडीच आहे, त्याला वाकड्या महिरपीचे वावडे असण्याचे कारण नाही. आणखी एक. मुलगा बाबांबरोबर मखरापाशी आणि मुलगी आईबरोबर उकडीपाशी, ही वाटणी पुष्कळ घरांत न बोलता होऊन जाते. करवत मुलीच्याही हाती द्यावी. मोदकाला कळ्या पाडताना बाबांचीही परीक्षा होऊ द्यावी. मुलांना त्यात जितका आनंद होतो तितका मोदक खाण्यातही होत नाही.

पित्याचे वेड सगळ्या घराचे कसे होते याचे एक ठळक उदाहरण आपल्याच मातीतले आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीतील वाटाण्याच्या अंकुराची वाढ थोडी थोडी टिपून पहिले चलत्चित्र सिद्ध केले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मधील रोहिदास म्हणजे त्यांचा पुत्र भालचंद्र, आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'मधील बालकृष्ण म्हणजे त्यांची कन्या मंदाकिनी. सरस्वतीबाई तर या साऱ्या खटाटोपात पहिल्यापासून होत्याच. फाळक्यांच्या प्रतिभेची अपेक्षा कोणत्याही घराने धरू नये. पण स्वतः ज्यात रमतो त्याच्या बाहेर मुलांना न ठेवणे, हे कोणालाही जमण्यासारखे आहे.

आणि ज्याला कसलाच छंद नाही, हातात कलाही नाही, त्याने काय करावे? त्याच्यासाठी पूजाविधीतच एक छंद सांगून ठेवला आहे: पत्री. चतुर्थीला गणपतीस २१ प्रकारची पाने वाहतात. बाजारात पत्रीची जुडी मिळते, तीत २१ पाने असतात की एकाच झाडाची २१, हे कोणी पाहत नाही. त्याऐवजी आदल्या दिवशी मुलांना घेऊन बाहेर पडावे. आघाडा रस्त्याच्या कडेला मिळतो. त्याच्या तुऱ्यावरून उलटा हात फिरवला की तो बोचतो. माका ओलसर जागी. त्याचे पान तळहातावर चोळले की हात काळा होतो. डोरलीच्या पानावरही काटे असतात. अर्जुनाच्या पानाच्या बुडाशी दोन बारीक गाठी असतात, त्या एकदा दाखविल्या की मूल ते झाड जन्मात विसरत नाही. विष्णुक्रांता गवतात दडलेली असते, तिचे इवलेसे निळे फूल मोठ्यांच्या आधी लहानांना दिसते. कारण त्यांचे डोळे जमिनीच्या अधिक जवळ असतात. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, आणि धोत्रा व कण्हेर हाताळल्यावर हात धुतल्याखेरीज तोंडाशी नेऊ नयेत, ही शिस्तही तेथेच लागते. झाड ओरबाडू नये. देवाला एक पान पुरते.

मग प्रश्न सुरू होतात. गणपतीला एरवी तुळस वाहत नाहीत, मग या पत्रीत ती कशी? केवडा शंकराला वर्ज्य, तो पुत्राला कसा चालतो? उत्तरे सांगता सांगता पित्याला पुराणे उघडावी लागतात, आजीला विचारावे लागते. ठाऊक नसेल तर "मलाही ठाऊक नाही, शोधू या" असे म्हणण्यात कमीपणा नाही. मुलांच्या दृष्टीने त्या क्षणी पिता आपल्यातला होतो.

काही घरांत या पत्रीची वही ठेवतात. २१ पाने, प्रत्येकावर एक वाळवलेले पान चिकटवलेले, खाली मुलाच्या अक्षरात नाव, कोठे मिळाले ती जागा, आणि वर्ष. बेल, शमी, डाळिंब, जाई, पिंपळ ही पाने पहिल्याच वर्षी भरतात. मरवा, अगस्ती यांना एखादे वर्ष वाट पाहावी लागते. कोणी कुंडीत लावूनही मिळवतो. देवदाराचे पान मात्र बहुधा कोरे राहते, कारण तो वृक्ष हिमालयातला. पूजेत त्याच्या जागी दुर्वा किंवा अक्षता वाहण्याची सोय आहे, वहीत नाही. ते पान कोरेच असू द्यावे. केदार-बदरीच्या यात्रेचा बेत पुष्कळ घरांत वर्षानुवर्षे चाललेला असतो. या वेळी तो मुलांना बरोबर घेऊन आखावा, आणि सामानात ती वही ठेवण्यास विसरू नये.