चाल कोणाची?

गेल्या वर्षी आमच्या कोल्हापुरात नाट्यगीतांची एक मैफल झाली. गाणारा तरुण तयारीचा होता, साथ नेटकी होती, आणि श्रोतेही ताल चुकला तर मान वर करणारे होते. निवेदक प्रत्येक पदापूर्वी उठत आणि सांगत, 'आता बालगंधर्वांचे पद.' नाटककाराचे नावही ते अधूनमधून घेत. 'मानापमाना'तील भामिनीची तीन पदे झाली. परंतु त्या पदांना चाली देणाऱ्या गोविंदराव टेंब्यांचे नाव एकदाही निघाले नाही. मध्यंतरात मी त्यांस हळूच विचारले, तेव्हा ते सद्गृहस्थ हसून म्हणाले, 'सर, चालींचे काय, त्या पारंपरिकच!' वाद घालण्याची ती वेळ नव्हती, म्हणून मी चहाचा पेला उचलला आणि गप्प राहिलो.

पण ते वाक्य मनातून जाईना. ते एकट्या त्या निवेदकाचे असते तर त्याविषयी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. ते आमच्या शिकल्यासवरल्या वर्गाचे मत आहे. आपल्या संगीतात रचनाकार म्हणून कोणी नसतोच. राग परंपरेचा, चीज घराण्याची, आणि बाकी सारे गाणाऱ्याच्या गळ्याचे. रचनाकार ही विलायतेची कल्पना. असे हे मत आहे. माझ्यासारख्याने बीथोव्हेनचे नाव घेतले की इंग्रजी शिक्षणाचा दोष म्हणून ते माझ्याच पदरात बांधण्यात येते. म्हणून आज मी विलायतेकडे जवळजवळ न पाहता, घरच्याच पुराव्याने हे मत तपासणार आहे.

आपल्या संगीताने रचनाकाराचे नाव पुसले, हे मुळातच खरे नाही. उलट ते नाव जपण्याची जी युक्ति आपल्या पूर्वजांनी काढली, तिला तोड नाही. त्यांनी नाव चिजेतच गुंफले. अठराव्या शतकात दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारातील न्यामतखाँ 'सदारंग' या मुद्रेने आजही प्रत्येक ख्यालियाच्या तोंडी आहेत. ठुमरीकार 'कदरपिया' आणि 'सनदपिया' आहेत, आग्रा घराण्याचे फैयाझखाँ 'प्रेमपिया' आहेत, आणि कोल्हापूरकरांच्या परिचयाचे जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास' आहेत. कागद जळेल, वही हरवेल, शिष्य कृतघ्न निघेल. पण जोवर चीज गाइली जाईल तोवर कर्त्याचे नाव गाणाऱ्याला उच्चारावेच लागेल. ज्या परंपरेने अशी तजवीज केली, तिच्या नावावर रचनाकाराच्या विस्मृतीचे पाप ढकलणे हा त्या परंपरेवरच अन्याय आहे.

मग नाट्यसंगीतातच हे नाव का हरवले? त्याचे कारण साधे आहे, पण ते कोणी सांगत नाही. ख्यालात शब्द आणि स्वर बहुधा एकाच्याच हातचे असतात. म्हणून मुद्रेला जागा मिळते. नाट्यपदात शब्द नाटककाराचे, आणि तेही पात्राच्या तोंडचे. भामिनीने रुसावे, हसावे, प्रियकराची थट्टा करावी. तिने शेवटच्या ओळीत टेंब्यांचे नाव कसे घ्यावे? मुद्रेची जागा गेली ती येथे. छापील नाटकात पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' म्हणून मूळ चिजेचे आरंभीचे शब्द देण्याची आमच्याकडे वहिवाट होती. म्हणजे सामान कोठून आणले त्याची पावती मिळाली. पण घर कोणी बांधले ते मात्र पावतीवर नाही. आभाराचे शब्द प्रस्तावनेत राहतात, आणि गाणारा प्रस्तावना गात नाही.

या हरवलेल्या मुद्रेचा पहिला मोठा धनी म्हणजे गोविंद सदाशिव टेंबे. इतिहास थोडक्यात सांगतो. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा पदे रचणारा आणि चाली योजणारा एकच होता. साकी, दिंडी, कामदा, बायकांची गाणी, कर्नाटकी वळणे, जे लोकांच्या कानांत होते ते त्यांनी घेतले आणि त्यावर शब्द बसविले. देवलांच्या 'शारदे'तही कवि आणि चाल योजणारा यांत अंतर नव्हते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर मात्र लेखणीचे धनी, संगीताचे नव्हेत. म्हणून किर्लोस्कर मंडळीने 'मानापमान' हाती घेतले तेव्हा चालींचे काम टेंब्यांवर सोपविण्यात आले, आणि १२ मार्च १९११ रोजी ते नाटक लोकांपुढे आले. नाटककार निराळा, गायक निराळा आणि या दोहोंमध्ये उभा असलेला संगीतरचनाकार निराळा, ही विभागणी मराठी रंगभूमीवर ठळकपणे प्रथम दिसते ती येथे. त्या वेळी टेंबे अवघे तीस वर्षांचेही नव्हते.

आता आक्षेपकांकडे वळतो. ते म्हणतात, 'टेंब्यांनी केले काय? पूरबेकडच्या ठुमऱ्या आणि कजऱ्या उचलल्या आणि त्यांवर मराठी शब्द चढविले.' उचलल्या हे कबूल; लपविले कोणी? परंतु उचलणे म्हणजे रचना नव्हे असे म्हणावयाचे, तर शेक्सपियरला नाटककार म्हणता येणार नाही, कारण त्याची कथानके बहुतेक परक्यांची. आणि हँडेललाही संगीतकारांच्या पंक्तीतून उठवावे लागेल, कारण दुसऱ्यांच्या रचना त्याने मोकळ्या हाताने वापरल्या. प्रश्न कोठून घेतले हा नाही. कोणत्या ठिकाणी, कशासाठी आणि कसे बसविले हा आहे.

ते 'मानापमाना'त पाहा. श्रीमंताची मुलगी भामिनी गरिबीतून वर आलेल्या धैर्यधराचा अपमान करते, आणि पुढे वनमालेच्या साध्या वेषात त्याच्याच प्रेमात पडते. या कथेतील शृंगार ऋषिकन्येचा नाही. तो खट्याळ आहे, लपंडावाचा आहे, बोलण्यात एक आणि मनात दुसरे असा आहे. असा शृंगार साकी-दिंडीत मावत नाही. आणि भारदस्त ख्यालात घातला तर गुदमरतो. ठुमरीचा मात्र तो प्राणच. लटका रुसवा, एकच शब्द चार अर्थांनी वळविणे, जवळ येता येता मागे सरणे, हे ठुमरी पिढ्यानपिढ्या करीत आली होती. परंतु ती कोठीवरची म्हणून आमच्या सोवळ्या मध्यमवर्गाला तिचे नाव घेणेही जड होते. टेंब्यांनी ती घराण्यातील मुलीच्या तोंडी दिली, मराठी व्याकरणाच्या ऱ्हस्वदीर्घांशी तिची तडजोड करविली, आणि बायकामुलांसह नाटकाला बसलेल्या त्याच वर्गाकडून तिच्यावर टाळी घेतली. हे 'शब्द चढविणे' असेल, तर पाथरवटानेही दगडावर टाकीच चढविलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'पदे अमर केली ती बालगंधर्वांनी. चाल कोणाचीही असो.' बालगंधर्वांच्या गळ्याचे ऋण नाकारण्याइतका मी कृतघ्न नाही. गाणाऱ्यावाचून चाल मुकीच. पण न्याय दोन्हीकडे सारखा लावा. ज्या रात्रीचे नाव मराठी माणूस अजून अभिमानाने घेतो, ती ८ जुलै १९२१ ची रात्र घ्या. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी, आणि ललितकलादर्शचे, आमच्या कोल्हापूरचे, केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन बिनीचे गायक एका रंगमंचावर आले. त्या रात्रीचे वर्णन आपण दोन गळ्यांची झुंज म्हणून करतो. पण ती झुंज ज्या जमिनीवर झाली, ती दहा वर्षांपूर्वी कोणी नांगरली होती? रचना गायकाहून वेगळी उभी राहू शकते, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाऊनही स्वतःची ओळख ठेवते, म्हणूनच ती रचना. आणि जेथे गायकाने चाल खरोखर बदलली, जसे मास्टर दीनानाथांनी धैर्यधराच्या पदांना आपले निराळे वळण दिले, तेथे त्यांचेही नाव रचनाकार म्हणून घ्या. मी एकाचे हिरावून दुसऱ्याला द्यावयास सांगत नाही; ज्याचे त्याला द्या, इतकेच म्हणतो.

तिसरा आक्षेप स्तुतीच्या वेषात येतो, म्हणून तो अधिक घातक. 'टेंबे काय, सव्यसाची! पेटी वाजवीत, नट होते, मंडळीचे भागीदार होते, ग्रंथकार होते आणि चालीही देत.' या 'ही'त सारे विष आहे. त्यांची पेटी, त्यांचे 'माझा संगीत व्यासंग' आणि 'माझा जीवनविहार' हे ग्रंथ, १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह काढलेली गंधर्व मंडळी, पुढे स्वतःची शिवराज मंडळी, हे सर्व निरनिराळे छंद नव्हेत. भास्करबुवा बखल्यांच्या मागे पेटीवर बसणाऱ्याला गाणे आतून दिसते: गायक कोठे श्वास घेतो, कोठे धीर सोडतो, श्रोता कोठे पुढे सरकतो. अल्लादियाखाँसाहेबांच्या सहवासात रागाचा सांगाडा कळतो. नटाला पात्राचे तोंड कळते. ही तिन्ही ज्ञाने एका ठिकाणी आली, म्हणूनच रचनाकार घडला.

याचा पुरावा बोलपटाने दिला. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात कंपनीने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला. त्यात हरिश्चंद्र टेंबे, आणि संगीतही टेंब्यांचेच. वय पन्नाशीचे. रंगभूमीवर पद 'वन्समोअर'च्या लाटेवर मध्यरात्र ओलांडीत जाई. चित्रपटाची फीत कोणाच्या वन्समोअरला भीक घालीत नाही. जे पसरावयाचे तेच आवरावयाचे, आणि तरी भाव उणा पडू द्यावयाचा नाही, ही नवी विद्या होती. 'मायामच्छिंद्र', 'सिंहगड', 'सैरंध्री' अशी ती त्यांनी पुढे चालविली. नंतर 'महाश्वेता', 'जयदेव' यांसारख्या संगीतिकाही त्यांनी रचल्या. रंगमंच, चित्रपट, संगीतिका या तिन्ही पेठांत ज्याने आपला माल नव्याने घडविला, त्याला 'परंपरेतून उचलणारा' म्हणणे ही केवळ आळशी टीका आहे.

टेंब्यांचे सर्वच काम एका तोलाचे होते असे मी म्हणत नाही. त्यांची मंडळी दीर्घकाळ टिकली नाही, आणि 'मानापमाना'ची उंची त्यांना पुनःपुन्हा गाठता आली असेही नाही. पण या उणिवांचीदेखील चर्चा करावयाची तर आधी ते रचनाकार होते हे मान्य करावे लागेल. आम्ही त्यांचे गुणही तपासले नाहीत आणि दोषही नाहीत. 'पारंपरिक' या एका शब्दात दोन्ही गुंडाळून टाकले.

यात केवळ एका निवर्तलेल्या माणसाच्या मानापमानाचा प्रश्न असता तर मी हा लेख लिहिला नसता. टेंबे १९५५ साली गेले. त्यांना आमच्या टाळीची गरज नाही. गरज आहे ती आज वीस-बावीस वर्षांच्या त्या मुलाला किंवा मुलीला, जी घरात पेटीपुढे बसून नवी बंदिश बांधते आहे. तिला आम्ही सांगतो काय? गळा असेल तर नाव होईल. रचना केलीस तर ती उद्या पारंपरिक ठरेल. असे सांगणाऱ्या समाजात गाणारे पुष्कळ निपजतील, पण ते जुनेच गात बसतील. आणि मग आम्हीच पुन्हा तक्रार करू की नवे काही होत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा सारे कोल्हापूर रस्त्यावर उभे राहून रडले. मीही त्यात होतो. वास्तु जळाली की आम्हांला दिसते. नाव जळते तेव्हा धूर निघत नाही, म्हणून कोणी धावत नाही. पण वास्तु उभारण्याला लाखो रुपये लागतात, आणि या दुसऱ्या कामाला एक पैसाही लागत नाही. निवेदकाने पदापूर्वी एक नाव अधिक उच्चारावे. कार्यक्रमपत्रिकेत कवीच्या आणि गायकाच्या शेजारी चाल देणाऱ्याचे नाव छापावे. संगीत शिकविणाऱ्याने पद शिकविण्याआधी ते कोणी बांधले हे शिष्याच्या वहीत पहिल्या ओळीत लिहवून घ्यावे. नाट्यपदात मुद्रेला जागा उरली नाही, हे खरे. ती जागा आता आपल्या तोंडाने भरून काढावयाची आहे.

त्या निवेदक महाशयांचा पुढचा कार्यक्रम लवकरच आहे असे ऐकतो. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि या खेपेस चहाचा पेला हाती घेणार नाही.