'तुमच्यात' म्हणजे कोणाच्यात?

परीक्षा जवळ आली की हॉस्टेलवर अभ्यास सोडून सगळ्या विषयांवर चर्चा रंगते. असंच एकदा कुठल्याशा बॉम्बस्फोटाची बातमी आली आणि एकाने माझ्या मुस्लिम मित्राला विचारलं, "काय रे, तुमच्यात असं का?" तो नुसता हसला आणि उठून गेला. आम्ही दोघं शहाद्याचे, बारावीपर्यंत एका बाकावर बसलेलो. तरी मी गप्प बसलो!

मित्रांनो, 'तुमच्यात' म्हणजे नेमकं कोणाच्यात? इस्लामी राज्याचा विचार विसाव्या शतकात हिरीरीने मांडणारे मौलाना मौदुदी 1903 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जन्मले. 1941 साली लाहोरला त्यांनी जमाते इस्लामी स्थापन केली. त्यांच्या लिखाणाचा प्रभाव इजिप्तच्या सय्यद कुत्ब यांच्यावर पडला आणि कुत्ब यांची पुस्तकं पुढे कितीतरी जहाल संघटनांनी डोक्यावर घेतली.

पण ह्याच महाराष्ट्रात, चिपळूणजवळच्या मिरजोळीत, 1932 साली हमीद दलवाईही जन्मले. 1966 साली इजिप्तमध्ये कुत्ब फासावर गेले. त्याच वर्षी 18 एप्रिलला दलवाईंनी मुंबईत तोंडी तलाकविरोधात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. महिला किती? फक्त सात! 1970 मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. 2017 साली सुप्रीम कोर्टाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, तेव्हा दलवाईंना जाऊन 40 वर्षं झाली होती.

आणि सामान्य माणूस? पाकिस्तानात 1970 च्या निवडणुकीत जमातला 300 पैकी 4 जागा मिळाल्या. बहुसंख्य मतदार मुस्लिमच होते ना? त्या विचाराला खरा टेकू मिळाला तो 1977 नंतर, जनरल झियांच्या लष्करी राजवटीत. म्हणजे मतपेटीतून नव्हे, बंदुकीच्या जोरावर.

जहाल संघटना नाहीतच, असं मी म्हणत नाही. 2014 साली कल्याणचे चार तरुण इराकला गेले आणि इसिसमध्ये सामील झाल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. त्यांच्यात इंजिनिअरिंगचे विद्यार्थीही होते. पण म्हणून मला अजून कोणी विचारलं नाही, "काय रे, तुम्हा इंजिनिअर लोकांत असं का?"

सुट्टीत शहाद्याला जाताना एसटीत तो माझ्या शेजारीच बसतो. त्या दिवसाबद्दल मी त्याला अजून सॉरी म्हटलेलं नाही. आता म्हणणार आहे. बघा, तुम्हालाही कोणाला म्हणायचं राहिलंय का...